अल्बमचं कव्हर वाचताना रंगाच्या आधी दुकान बघा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. आजोबांच्या कपाटातून निघालेल्या एलपी, कॅसेट आणि सीडींच्या कव्हरांवर शेवटच्या वर्षाचा प्रकल्प करायचा आहे. गाइडनी रंग, अक्षरं आणि चित्र असे तीन रकाने आखायला सांगितले. तुम्ही ते भरलेत, पण हाती आली ती ‘भगवा रंग भक्ती सुचवतो’, ‘निळा रंग शांतता सुचवतो’ अशी वाक्यं. आता प्रश्न असा पडलाय की यातला रूढ संकेत कुठला आणि त्या चित्रकाराची स्वतःची करामत कुठली, हे ओळखायचं कसं? शिवाय वाचायला मिळालेली पुस्तकं सगळी इंग्लंड-अमेरिकेच्या रॉक आणि जॅझवरची. ती आपल्या भावगीतांना, अभंगांना, कोळीगीतांना लावायची की नाही?

मी ठाण्यात ग्राफिक डिझाइनचं काम करतो. कॅसेटच्या जमान्यात छोट्या कंपन्यांची इनले कार्डं, म्हणजे कॅसेटच्या डबीत घडी घालून बसणारी छापील कव्हरं, करत या धंद्यात आलो, पुढे सीडी आणि व्हीसीडीची कव्हरं केली, आता फोनवर दिसणारे चौकोन करतो. टेबल नौपाड्यात आणि छपाई वागळे इस्टेटला, असं बरंच आयुष्य गेलं. त्यामुळे हे उत्तर कव्हर करणाऱ्याच्या बाजूने आहे, समीक्षकाच्या नाही.

तुमचे रकाने ठीक आहेत, त्यांच्या आधीची पायरी राहून गेली आहे. कव्हर ही भिंतीवर टांगायची कलाकृती म्हणून जन्माला आलेलीच नसते. ती एका विशिष्ट आकाराची वस्तू असते, एका विशिष्ट दुकानात, विशिष्ट अंतरावरून, विशिष्ट गिऱ्हाइकाला दिसण्यासाठी केलेली, आणि तिला छपाईचं एक बजेट असतं. गिऱ्हाइकाला एक अक्षरही न वाचता ‘हे आपल्या कामाचं’ असं जे कळतं, तो संकेत. तो जवळजवळ नेहमी आकार, दुकान आणि छपाई या तीन गोष्टींच्या दाबाखाली घडतो. रंग त्यानंतर येतो. म्हणून ‘हा रंग काय सुचवतो’ विचारण्याआधी ‘हे कुठे ठेवलेलं असायचं, कोण किती लांबून बघायचं आणि हे कसं छापलं’ हे विचारा. निम्मी उत्तरं तिथेच मिळतात.

जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते आधीच सांगून टाकतो. तुमच्यासमोरचा संग्रह एका माणसाच्या आवडीचा आहे. आजोबांना नाट्यसंगीत प्रिय असेल तर त्या कपाटात लावणी मिळणार नाही, आणि ‘मराठी कव्हरं अशी असत’ असं विधान त्या जोरावर करता येणार नाही. ‘या घरात आलेल्या कव्हरांत असं दिसतं’ एवढंच म्हणता येईल. पदवीच्या प्रकल्पाला ते पुरेसं आहे, फक्त पहिल्याच पानावर तसं लिहा.

दुसरी गोष्ट जास्त अडचणीची आहे. ध्वनिमुद्रणाचं वर्ष आणि कव्हर छापल्याचं वर्ष एकच असेल असं धरू नका. साठच्या दशकातली गाणी ऐंशीच्या दशकात कॅसेटवर आली आणि नव्वदीत सीडीवर, दर वेळी कव्हर नवं. वर्तुळातला पी आणि त्याच्या पुढचं साल हे ध्वनिमुद्रणाच्या हक्काचं असतं, वर्तुळातला सी चित्र आणि मजकुराच्या हक्काचा. दोन्ही साली वेगळी दिसली तर तिथेच थांबून बघा. याशिवाय मागच्या बाजूचा पत्ता वाचा. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, म्हणजे पत्त्यात पिनकोड असेल तर कव्हर त्यानंतरचं. ‘बॉम्बे’चं ‘मुंबई’ १९९५ मध्ये झालं. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाचं नाव २००० मध्ये सारेगामा झालं. आणि १९८४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ५२अ आलं. नकली कॅसेटींचा सुळसुळाट झाला होता, त्याला आळा घालायला ध्वनिमुद्रण करणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्कधारकाचं नाव-पत्ता आणि पहिल्या प्रकाशनाचं वर्ष वेष्टनावर छापणं सक्तीचं झालं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांची जी गर्दी दिसते तिच्यातला बराच भाग डिझायनरने हौसेने टाकलेला नाही, कायद्याने टाकायला लावलेला आहे. हे माहीत नसेल तर ‘मागची बाजू दाट आणि अनाकर्षक’ असं लिहून मोकळं व्हाल.

आता आकार. एलपीचं जॅकेट साधारण साडेएकतीस सेंटिमीटरचा चौरस. कॅसेटच्या इनलेची पुढची बाजू ६५ मिलिमीटर रुंद आणि १०० मिलिमीटरच्या थोडी वर उंच. सीडीच्या पुस्तिकेचा चौकोन १२ सेंटिमीटरचा. क्षेत्रफळ काढून बघा: कॅसेटची पुढची बाजू एलपीच्या जेमतेम पंधरावा हिस्सा, सीडीची साधारण सातवा. शिवाय चौरसाचा उभा आयत झाला. एलपीवर चित्रकाराला आकाश मोकळं सोडता यायचं, गायकाचा चेहरा एका बाजूला घेऊन उरलेली जागा नुसती राहू देता यायची. तेच कव्हर कॅसेटसाठी आलं की चौरस चित्र मधे बसायचं आणि वर-खाली दोन पट्ट्या उरायच्या. वरच्या पट्टीत कंपनीचं नाव, खालच्या पट्टीत अल्बमचं. पुढे पहिल्यापासून कॅसेटसाठीच केलेल्या कव्हरांवरही या पट्ट्या राहिल्या. कारण गेलं तरी सवय टिकली. संकेताच्या जन्माचं इतकं स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही, आणि तुमच्या खोक्यात एकाच अल्बमची एलपी आणि कॅसेट दोन्ही असतील तर ती जोडी प्रकल्पाच्या पहिल्या पानावर घ्या.

एक कॅसेट जवळून बघू. कोळीगीतांची, ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या पद्धतीची. तुम्ही ऐरोलीला राहता म्हणालात, म्हणजे दिवाळे, सारसोळे, दिवा कोळीवाडा हे सगळं तुमच्या जवळचं. हळदीला आणि एकवीरा आईच्या जत्रेला ही गाणी आजही तिथे वाजतात. पुढच्या बाजूला शिडाची होडी, मागे नारिंगी आकाश, मधे कोळी पद्धतीचं लुगडं नेसलेली आणि सोन्याने मढलेली बाई, खाली दोन लंबगोलांत गायक-गायिकेचे चेहरे. वर लाल पट्टी. शीर्षक पिवळ्या रंगात, लाटेसारखं वळवलेलं, आणि प्रत्येक अक्षराला जाड काळी किनार.

विद्यार्थी इथे ‘काळी किनार ठसठशीतपणा आणते’ असं लिहितात. आणते, पण ती तिथे आली छपाईमुळे. चार रंगांच्या चार प्लेटा, एकेक रंग कागदावर वेगळा उमटवणाऱ्या. चित्रावर पिवळं अक्षर हवं असेल तर बाकीच्या तीन प्लेटांमधून अक्षराएवढी जागा कोरून रिकामी ठेवावी लागते. मशिनवर कागद केसभर जरी सरकला तरी अक्षराच्या कडेला पांढरी किंवा मळकी रेघ दिसते. स्वस्तातल्या छपाईत कागद सरकणार हे गृहीतच धरायचं. भोवती जाड काळी किनार असली की ते सरकणं तिच्या खाली झाकलं जातं. लाल पट्टीचंही तसंच. मजेंटा आणि पिवळा दोन्ही शंभर टक्के, म्हणजे ठिपक्यांची जाळीच नाही, त्यामुळे हजाराव्या प्रतीतही तो लाल पहिल्या प्रतीसारखा यायचा. लंबगोल का? गायकांचे फोटो वेगवेगळ्या स्टुडिओंत, वेगवेगळ्या पडद्यांपुढे काढलेले असत, बरेचदा कृष्णधवल. मागचा पडदा कापून टाकण्याचा आणि दोन न जुळणाऱ्या फोटोंना एका घरातले करण्याचा सोपा मार्ग म्हणजे लंबगोल. पुढे तो इतका रुळला की ज्यांचे उत्तम रंगीत फोटो होते तेही गिऱ्हाइकाच्या ओळखीसाठी लंबगोलातच जाऊ लागले.

आता कॅसेट आडवी करून कणा, म्हणजे डबीची अरुंद कड, बघा, बारा-तेरा मिलिमीटरची. कॅसेटच्या दुकानात काउंटरमागे भिंतभर फळ्या असत आणि त्यांत कॅसेटी एकावर एक, कणा बाहेर. गिऱ्हाईक पाच-सहा फुटांवर काउंटरच्या अलीकडे. म्हणजे बहुतेक कॅसेटींचं खरं कव्हर होतं तो कणा. पुढची बाजू दिसायची ती दुकानदाराने कॅसेट हातात दिल्यावर, किंवा आठवड्याला खपणाऱ्या दहा-बारा कॅसेटी काचेत मांडल्या त्यांत नंबर लागला तर. तरीही मी पाहिलेल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत कण्याचा फोटोसुद्धा नसतो. माझी कळकळीची विनंती आहे की कण्यांसाठी एक वेगळं प्रकरण ठेवा.

आणि इथेच परदेशी पुस्तकं अपुरी पडतात. त्या बारा मिलिमीटरमध्ये रोमन कॅपिटल अक्षरं पट्टी वरपासून खालपर्यंत भरून काढतात. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार यांची जागा लागते आणि खाली उकार, ऋकार आणि जोडाक्षरांची. ‘श्रीकृष्णस्तुती’ एवढा एक शब्द त्या कण्यावर बसवून बघा. शिरोरेषेखालच्या मूळ अक्षराच्या वाट्याला निम्मीच उंची येते. त्यामुळे मराठी कण्यांवर तीन युक्त्या दिसतात: अक्षर आडवं फुगवायचं, शिरोरेषा जाड करायची म्हणजे शब्द लांबून एक सलग पट्टा म्हणून दिसतो, किंवा बाजूला रोमनमध्ये नाव पुन्हा लिहायचं. तिसरी युक्ती दुकानदारासाठीही असायची. काउंटरमागचा माणूस दर वेळी मराठी वाचणारा असेलच असं नव्हतं. तुमच्या कण्यांची या तीन युक्त्यांप्रमाणे विभागणी केलीत तर कुठल्याही पुस्तकात न सापडणारं निरीक्षण तुमच्या नावावर जमा होईल.

देवनागरीचा विषय निघालाच आहे तर संकेत आणि करामत यांचं उत्तरही इथेच देतो. कॅसेटच्या काळात शीर्षकाला वापरता येतील असे देवनागरी टाइप मोजकेच होते. शीर्षक हाताने काढून घ्यायचं, त्याचं ब्रोमाइड, म्हणजे फोटोच्या कागदावरची प्रत, करायचं आणि पेस्टअपवर, म्हणजे छपाईसाठी जुळवलेल्या पानावर, चिकटवायचं. मराठी नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगे यांनी शीर्षकाच्या अक्षरालाच नाटकाचा स्वभाव देण्याची जी परंपरा उभी केली, तिच्याकडे बघत आमच्यासारखे कितीतरी जण अक्षरं काढायला शिकले. म्हणजे मांडणी ठरलेली, पट्टी ठरलेली, लंबगोल ठरलेला, देवाची जागा ठरलेली, आणि त्या सगळ्याच्या मधे एकच गोष्ट प्रत्येक वेळी नव्याने, एका माणसाच्या हाताने काढलेली: शीर्षक. जुन्या मराठी कव्हरांत कलाकाराचा आवाज ऐकायचा असेल तर तिथे ऐका. एकच अक्षर, समजा ‘ग’ किंवा ‘ल’, दहा शीर्षकांतून ट्रेस करून शेजारी ठेवा. काही कव्हरं एकाच हाताची आहेत हे नाव छापलेलं नसतानाही ओळखता येईल. आजच्या कव्हरांना ही कसोटी लागू होत नाही. ‘एक टाइप’ या फाँट करणाऱ्या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ यांसारखे चांगले देवनागरी फाँट आता मोफत मिळतात, त्यामुळे एकच अक्षर शंभर कव्हरांवर दिसतं आणि वेगळेपणा मांडणीत किंवा फोटोत शोधावा लागतो. संकेताची आणि करामतीची जागा काळानुसार बदलते, म्हणून दोघांना विभागणारी एकच रेघ मारून चालत नाही.

आता प्रकारांकडे येऊ, पण सगळ्यांवर लिहीत बसत नाही.

शास्त्रीय संगीताच्या एलपीवर पुढेच दोन रागांची नावं दिसतात. का? एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं मावतात, म्हणजे एका बाजूला एक राग. तबकडीच्या दोन बाजूच कव्हरवर उतरल्या आहेत. मागे इंग्रजीत लांबलचक टिपण, राग-ताल, साथीदारांची नावं. माझं मत असं की ते टिपण वाचण्याइतकंच ‘ही वस्तू गंभीर आहे’ हे सांगण्यासाठीही असायचं. चित्रपटाच्या कव्हरवर मात्र गायक पुढे दिसतच नाही, तिथे नट-नटी. विकला जातोय तो चित्रपट, आवाज मागच्या बाजूला.

भावगीतांत नावांचा क्रम बघा. गीत, संगीत, स्वर ही त्रयी बरोबरीने छापली जाते. आपल्या ठाण्याचे पी. सावळाराम, संगीतकार वसंत प्रभू आणि लता मंगेशकर असं त्रिकूट असलं की कवीचं नाव संगीतकाराच्या तोडीस तोड असतं. आकाशवाणीवर गाणं लावण्याआधी तिन्ही नावं सांगायची पद्धत होती, ती सवय कव्हरवरही दिसते. मोजपट्टी घेऊन या तीन नावांची उंची मोजा. चित्रपटगीतांच्या कव्हरवर कवी कुठे जातो तेही मोजा. कुठल्याही रंगविवेचनापेक्षा हे आकडे जास्त बोलतील.

आणि अभंग. इथे मी जरा थांबतो, कारण इथला संकेत नुसता दृश्य नाही, त्यात श्रद्धा आहे. विठ्ठल मधे आणि मोठा, गायक कोपऱ्यात, आणि गायकाचा चेहरा मूर्तीच्या वर जायचा नाही. हे कुणी लिहून दिलेलं नसायचं, पण तसं कव्हर नेलं तर कंपनीचा मालक, वितरक आणि दुकानदार तिघेही हरकत घ्यायचे. त्याहून बारीक गोष्ट घडीची. इनले कार्डाला दोन घड्या पडतात. चित्र कण्यावर ओघळू दिलं तर घडी मूर्तीच्या अंगावरून जाते, काही दिवसांनी तिथली शाई उडते आणि चेहऱ्यावर पांढरी चीर पडते. म्हणून देवाचं चित्र घडीपासून लांब, चारही बाजूंनी चौकट घालून ठेवायचं. भक्तिगीतांच्या कॅसेटींवर दिसणारी महिरप किंवा सोनेरी चौकट देवळाच्या गाभाऱ्याची आठवण देते हे खरं, आणि तिने मूर्तीला घडीपासून वाचवलं हेही तितकंच खरं. दोन्ही कारणं एकत्र लिहा, एकाने दुसरं खोटं ठरत नाही.

इथवरचं थोडक्यात: आधी वस्तूचा आकार, मग ती कुठून आणि किती लांबून दिसायची, मग ती कशी छापली, मग कायदा आणि व्यापाराने काय छापायला लावलं. एवढ्यातून जे उरेल त्याला रंग-अक्षर-चित्राचे रकाने लावा.

विक्रीची जागा बदलली की त्याच प्रकारचं कव्हर कसं बदलतं याचं उदाहरण ठाण्यातलंच देतो. गडकरी रंगायतनला गाण्याचा कार्यक्रम असला की मध्यंतरात बाहेर टेबलावर सीडी मांडलेल्या असायच्या. टेबलावर सीडी उताणी, गिऱ्हाईक वरून बघतंय, आणि त्याने नुकताच तासभर तो आवाज ऐकलेला आहे. त्याला गायक कोण हे सांगावं लागत नाही. अशा विक्रीसाठी केलेल्या सीडींवर नाव लहान चालायचं, रिकामी जागा चालायची, एखादं चित्रकाराचं चित्र चालायचं. तोच गायक दुकानाच्या रॅकसाठी सीडी करायचा तेव्हा चेहरा मोठा आणि नाव त्याहून मोठं. दोन्ही कव्हरं समोर असतील तर ‘कलाकार प्रगल्भ होत गेला’ असा निष्कर्ष काढायच्या आधी ती कुठे विकली गेली याची चौकशी करा.

आता परदेशी पुस्तकांबद्दल. ती वाचा, पण त्यांतले निष्कर्ष उचलू नका, त्यांतले प्रश्न उचला. कोलंबिया कंपनीत ॲलेक्स स्टाइनवाइस यांनी १९४० च्या सुमारास रेकॉर्डच्या पुठ्ठ्यावर चित्र आणलं, त्याआधी करड्या-तपकिरी बांधणीवर नुसतं नाव असायचं. म्हणजे चित्र असलेलं कव्हर हीसुद्धा दुकानातल्या गरजेतून आलेली गोष्ट. ब्लू नोट कंपनीसाठी रीड माइल्स यांनी केलेल्या जॅझच्या कव्हरांची आज पोस्टरं निघतात. फ्रान्सिस वुल्फ यांचे कृष्णधवल फोटो धाडसाने कापलेले, मोठी अक्षरं, आणि बऱ्याच कव्हरांवर काळ्याच्या जोडीला एकच रंग. त्या एका रंगाकडे नुसतं सौंदर्यदृष्टी म्हणून बघू नका, रंग वाढला की प्लेट वाढते आणि पैसेही. आपल्याकडचा दोन रंगांत छापलेला नाट्यसंगीताचा इनलेही त्याच हिशोबातून आलेला आहे. त्याला गरिबी म्हणायचं आणि ब्लू नोटला शैली म्हणायचं, हे मला पटत नाही. तुम्हीही तसं करू नका.

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या १९७३ च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’च्या, लोलकाचं चित्र असलेल्या कव्हरवर पुढच्या बाजूला ना बँडचं नाव आहे ना अल्बमचं. सगळी पुस्तकं ते धाडस म्हणून सांगतात. धाडस होतंच, पण ते परवडणारं होतं, कारण बँड आधीच माहितीचा होता. संकेत मोडणारं कव्हर दिसलं की विचारा, हे मोडणं कुणाला परवडलं? मराठीतही ज्यांचं नुसतं आडनाव पुरे अशा मोठ्या गायकांच्या कव्हरांवर जागा मोकळी दिसते, आणि पहिलाच अल्बम करणाऱ्या मुलीच्या कव्हरवर चेहरा, नाव, गुरूंचं नाव, संगीतकाराचं नाव, प्रायोजक सगळं दाटीवाटीने बसलेलं असतं. ती दाटी अभिरुचीचा अभाव म्हणून लिहू नका. तिला स्वतःची ओळख करून द्यायची आहे आणि तेवढी एकच बाजू तिच्या हातात आहे.

जिवंत संकेत आणि नुसता उरलेला संकेत यांतला फरकही करा. एलपीच्या वरच्या कडेला ‘स्टिरिओ’ असं छापलेलं असतं. पन्नासच्या दशकाच्या अखेरीस स्टिरिओ रेकॉर्डी बाजारात आल्या आणि बरीच वर्षं मोनो-स्टिरिओ शेजारी शेजारी विकल्या गेल्या, तेव्हा ती गिऱ्हाइकाच्या कामाची माहिती होती. आज एखादा नवा मुलगा फोनवरच्या कव्हरला तीच पट्टी लावतो, वर तबकडीच्या घर्षणाने पडलेल्या गोल वळाचा टेक्स्चरही टाकतो. तिथे ती माहिती राहिली नाही, ‘जुन्या काळासारखं’ एवढाच तिचा अर्थ. तीच खूण, काम वेगळं. तुमच्या प्रकल्पात अशा दोन-तीन खुणांचा प्रवास दाखवता आला तर फार चांगलं.

आजच्या काळाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण परीक्षक विचारतील. गाणी पुरवणाऱ्या डिजिटल कंपन्या साधारण ३००० बाय ३००० पिक्सेलचा चौरस मागतात. त्यावर किंमत, फोन नंबर, वेबसाइटचा पत्ता चालत नाही, आणि कव्हरवरचं नाव नोंदणीतल्या नावाशी जुळावं लागतं. मालाची माहिती कव्हरवरून उठून शेजारच्या यादीत गेली, म्हणून कव्हरं शांत झाली. चौरस एलपीचाच राहिला, पण यादीत तो नखाएवढा दिसतो, त्यामुळे एक चेहरा, एक शब्द यापलीकडे काही टिकत नाही. कोळीगीतं मात्र या चौरसात फारशी गेलीच नाहीत, ती व्हीसीडीवरून थेट यूट्यूबवर गेली. तिथला तुकडा १२८० बाय ७२० चा, आडवा. उजव्या खालच्या कोपऱ्यात व्हिडिओची वेळ दाखवणारी काळी पट्टी येते, म्हणून तिथे कुणी नाव टाकत नाही. होडी, सोनं, नारिंगी आकाश, पिवळं अक्षर आणि काळी किनार अजून तशीच आहे, गंमत म्हणजे प्लेट सरकायची भीती उरलेली नसताना. किनार आता त्या गाण्यांची ओळख झाली आहे.

प्रत्यक्ष काम कसं करायचं? आधी सगळ्या वस्तू प्रकारानुसार लावू नका, माध्यमानुसार लावा: एलपी, कॅसेट, सीडी, व्हीसीडी. मग प्रत्येक ढिगात गाण्याचा प्रकार. कॅसेटी कणा बाहेर करून फळीवर रचा आणि सहा फुटांवर उभं राहून काय वाचता येतं ते लिहा. मग हातात घ्या, मग उघडा. प्रत्येक कव्हरवर चेहऱ्याने किती जागा घेतली, सगळ्यात मोठं नाव कुणाचं, कंपनीची खूण कुठल्या कोपऱ्यात, हे पट्टीने मोजा. एका ढिगात पाचांपैकी चार ठिकाणी तेच दिसलं तर तो संकेत माना, आणि पाचव्या कव्हराला जास्त वेळ द्या. भिंग घेऊन छपाईचे ठिपके बघा, ठिपके नसलेला सपाट रंग दिसला की त्याचं कारण शोधा. जमलं तर एखाद्या जुन्या कॅसेटवाल्याशी बोला. ठाण्याच्या गल्ल्यांत काहीजण अजून आहेत, आता मोबाइलची कव्हरं विकतात, पण कुठली कॅसेट कुठल्या फळीवर असायची हे त्यांना पाठ आहे. तुलनेला आणखी रेकॉर्डी हव्या असतील तर चोर बाजारात मटन स्ट्रीटला फेरी मारा, आणि १९९० पासून काम करणारी सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही मुंबईतलीच संस्था आहे, तिच्या लोकांना तारखांबद्दल विचारा.

गाइडना काय सांगायचं हा तुमचा शेवटचा प्रश्न. त्यांचे तीन रकाने तसेच ठेवा आणि डावीकडे दोन वाढवा, ‘कुठे विकलं’ आणि ‘कसं छापलं’. हरकत घ्यायला काहीच कारण नाही. फोटो काढताना फ्लॅश टाळा, लॅमिनेशन चमकून रंग खोटे येतात. खिडकीच्या उजेडात, शेजारी पट्टी ठेवून काढा. इनले एकदा घडी घातलेला आणि एकदा उलगडून आतल्या बाजूसकट घ्या. उलगडताना दोन्ही अंगठे घडीच्या दोन बाजूंना ठेवून सावकाश उघडा, कारण तीस-पस्तीस वर्षांचा आर्ट पेपर नेमका तिथेच तुटतो.